दुसऱ्या रिव्ह्यूअरचा चौथा मुद्दा

मेल आली तेव्हा बाई प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी काचेच्या बशा विसळत होत्या. हात ओढणीला पुसून त्यांनी ती उघडली. संपादकांचा नेहमीचा औपचारिक मजकूर होता. आपला शोधनिबंध दोन समीक्षकांच्या नजरेखालून गेला आहे, दोघांचे अभिप्राय सोबत आहेत, त्यांना मुद्देसूद उत्तरं देऊन सुधारित निबंध सहा महिन्यांत पाठवावा.

म्हणजे नाकारला नव्हता. बाईंनी तिथेच स्टुलावर बसून मोठा श्वास सोडला.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वय चोपन्न. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचे आणि ते बाईंना ठाऊक होतं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण स्टीलची पट्टी असायचीच. पेपर होता दगडफुलांवर. जुन्या दगडांवर राखाडी-हिरवट खपल्यांसारखी जी गोल वर्तुळं दिसतात ना, ती. वर्षाला मिलिमीटर, दीड मिलिमीटर वाढतात. हवा खराब असेल तर तेवढीही नाही. गावाबाहेर एक बंद पडलेलं जलशुद्धीकरण केंद्र होतं, लोक त्याला पाणीघर म्हणत. त्याच्या चौदा फूट उंच दगडी कुंपणभिंतीवरची वर्तुळं बाईंनी निवडली होती. प्रत्येकाशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि क्रमांक. बारा वर्षं त्या ती मोजत होत्या. छप्पन्न वर्तुळं, बारा वर्षं, एक पेपर. बाईंची बढती याच पेपरवर अडली होती.

संध्याकाळी घरी त्यांनी पहिला अभिप्राय नवऱ्याला वाचून दाखवला. नवरा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. सोफ्यावर पाय वर घेऊन ऐकत होता.

“भाषा सुधारावी. आलेख मोठे करावेत. आणि खालील पाच निबंधांचा उल्लेख करावा,” बाईंनी वाचलं. “पाचही एकाच माणसाचे आहेत.”

“मग नाव गुप्त कुठे राहिलं?” नवरा हसला. “सही करायची तेवढी बाकी ठेवलीय त्याने. घाल की पाच नावं, तुझ्या बापाचं काय जातंय!”

“घालणारच आहे.”

“आणि दुसरा काय म्हणतो?”

दुसरा अभिप्राय अर्ध्या पानाचा होता. बाईंनी तो मनातल्या मनात वाचायला घेतला आणि मग मोठ्याने वाचलाच नाही. “काही विशेष नाही,” म्हणून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिल्या.

त्यात चारच मुद्दे होते.

पहिला: ‘वर्तुळांची संख्या छप्पन्न दिली आहे. ती बासष्ट आहे.’

दुसरा: ‘निबंधात ज्याला क्रमांक एक म्हटलं आहे ते मुळात सातवं. क्रमांक पूर्ववत करावेत.’

तिसरा: ‘सातव्या वर्षी लेखिकेचं उजवं मनगट बांधलेलं होतं आणि मोजणी डाव्या हाताने झाली. त्यामुळे चौदा ते एकोणीस या वर्तुळांत अर्ध्या मिलिमीटरची चूक आली आहे. दुरुस्त आकडे जोडले आहेत.’

चौथा: ‘लेखिकेने भिंतीची एकच बाजू मोजली आहे.’

खाली ना आभार, ना शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपल्यावर बाईंनी कपाटातून सातव्या वर्षाचे फोटो काढले. त्या वर्षी त्या बाथरूममध्ये घसरल्या होत्या, मनगट महिनाभर बँडेजमध्ये होतं. मोजणीला त्या एकट्याच गेल्या होत्या, हे पक्कं आठवत होतं, कारण मोजायचं व्हर्निअर धरताना दोनदा हातातून पडलं आणि उचलायला शेजारी कुणी नव्हतं. प्रत्येक वर्तुळाच्या फोटोत पट्टी धरलेली होती. त्यांनी भिंग घेऊन चौदा ते एकोणीस पुन्हा मोजली. दुसऱ्या रिव्ह्यूअरने दिलेले सहाच्या सहा आकडे बरोबर होते.

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये दोन मुली स्कूटरवर बसून गप्पा मारत होत्या. रोजचंच सगळं. तरी त्यांनी पडदा ओढून घेतला.

तिसऱ्या मुद्द्याने त्या चक्रावल्या होत्या. पहिला मुद्दा मात्र त्यांनी पुन्हा वाचायचंच टाळलं होतं.

वर्तुळं बासष्टच होती. भिंतीच्या उत्तर टोकाची पहिली सहा बाईंनी स्वतः गाळली होती. चौथ्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक मुलगी संशोधन करत होती. किडकिडीत, उंच, बारीक आणि टोकदार अक्षराची, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. उत्तरेची सहा वर्तुळं दर आठवड्याला मोजायचं काम तिच्याकडे होतं. तिने आणलेले आकडे विचित्र होते. पहिलं वर्तुळ तेवीस मिलिमीटर, पुढच्या आठवड्यात एकवीस, मग चोवीस. दगडफूल असं करत नाही. तुटतं, झडतं, पण आठवड्याला कमी-जास्त होत नाही. विभागाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, बाई तिला म्हणाल्या होत्या, “हे आकडे तू घरी बसून लिहिलेस.” टाचणी काही बोलली नाही. व्हर्निअर टेबलावर ठेवलं आणि गेली. परत आली नाही.

पाच आठवड्यांनी बाई स्वतः उत्तर टोकाला जाऊन मोजून आल्या. बावीस. पुढच्या महिन्यात एकोणीस. मग त्यांनी पर्समधून ब्लेड काढलं आणि सहाही पांढरे ठिपके क्रमांकांसकट खरवडून टाकले. उरलेल्या वर्तुळांना नवे क्रमांक दिले. टाचणीला फोन केला नाही. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

आता आठ वर्षांनी कुणीतरी ते लिहून पाठवलं होतं.

त्यांनी संपादकांना फोन लावला. संपादकांचा आवाज म्हातारा आणि सौम्य होता.

“नाव सांगता येत नाही हो, तुम्हाला नियम माहीतच आहे.”

“नाव नकोय मला. ते आमच्या भागातले आहेत का, एवढंच सांगा.”

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. “त्यांचा राहायचा पत्ता आमच्याकडे नाही, नुसता ई-मेल आहे. मी इथे यायच्या आधीपासून ते यादीत आहेत. तुम्ही मुद्द्यांना उत्तरं द्या ना. मुद्दे चुकीचे आहेत का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग झालं तर.”

टाचणीशिवाय दुसरं कोण असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. मनगटाचं तिला कुणीतरी सांगितलं असेल. गावात गोष्टी पसरायला कितीसा वेळ लागतो! राग आला, आणि त्या रागाने त्यांना जरा बरंही वाटलं. दोन दिवस चौकशी केल्यावर पत्ता लागला. टाचणी बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. टाचणी काउंटरमागे एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत बसली होती. आता पस्तिशीची झाली होती, केसांत एक पांढरी बट. तिने मान वर केली आणि ओळखलं.

“या मॅडम. नंबर वाढला का?”

“तू माझा पेपर तपासलास?”

“कुठला पेपर?”

बाईंनी कागद पुढे केला. टाचणीने तो काउंटरवर सपाट करून वाचला, सावकाश, दोनदा. तिसऱ्या मुद्द्यावर तिने बाईंच्या मनगटाकडे पाहिलं. चौथ्यावर तिचं बोट थांबलं.

“मी नाही हे लिहिलेलं. मला कोण विचारतंय पेपर तपासायला?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तुम्ही तो माणूस काढून टाकलात का?”

“कुठला माणूस?”

“पलीकडचा. भिंतीच्या आत तुम्ही बसवला होतात तो.”

बाईंना काहीच कळेना. टाचणीने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“मॅडम, मी मोजताना आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मग वहीत लिहायचे. मी तेवीस म्हटलं की पलीकडून कुणीतरी म्हणायचं, अठरा. हळूच. एकवीस म्हटलं की वीस. पहिल्यांदा घाबरले. मग वाटलं, तुम्ही माझ्यावर तपासणीला कुणाला तरी ठेवलंय. तुमचा स्वभाव तसाच होता.”

“मी कुणालाही ठेवलं नव्हतं.”

“बैठकीत मी म्हणूनच गप्प बसले. म्हटलं, आत्ता बोलतायत मॅडम, पण त्याचे आकडे हातात येतील तेव्हा कळेल त्यांना की मी खोटं लिहिलं नव्हतं. मग बोलावतील.” तिने फ्रेम उचलून मऊ कापडाने पुसली. “सहा महिने वाट बघितली. मग इथे लागले.”

बाई काउंटरच्या काचेवर हात टेकून उभ्या राहिल्या. काचेखाली चष्म्यांच्या ओळी होत्या, सगळ्या त्यांच्याकडे तोंड करून.

पाणीखात्याकडून आत जायची परवानगी मिळवायला तीन आठवडे गेले. टाचणी येईल असं बाईंना वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी ती फाटकाशी त्यांच्या आधी येऊन उभी होती. पाणीखात्याचा कारकून किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. एकही किल्ली लागली नाही. कुलूप गंजून दगड झालं होतं. शेवटी त्याने गाडीतून हातोडा आणला आणि आठ-दहा घाव घालून ते फोडलं.

“एकोणीस वर्षांत कोणी आत पाय ठेवलेला नाही,” तो घाम पुसत म्हणाला. “तुम्हाला काय बघायचंय ते बघा. मी बाहेरच आहे. माझी काही आडकाठी नाही, पण आवरा लवकर.”

ऊन डोक्यावर आलं होतं. आत कोरडे पडलेले हौद, त्यात कमरेएवढं गवत. भिंतीच्या उत्तर टोकाला लागून पत्र्याची एक लांब पडवी होती, समोरून उघडी. तिच्या जमिनीवर धुळीचा जाड, मऊ थर बसला होता. त्यावर पाखरांच्या पायांचेही ठसे नव्हते.

दोघी पडवीत शिरल्या आणि थबकल्या.

भिंतीच्या आतल्या बाजूला सहा वर्तुळं होती, बाहेरच्या सहांच्या बरोबर पाठीमागे. प्रत्येकाखाली खडूने लिहिलेले रकाने होते. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा, जमिनीपर्यंत. अक्षर सरळ, एकसारखं, शाळामास्तरांसारखं. सर्वात वरच्या तारखा बाईंच्या जन्माआधीच्या होत्या. खालच्या बाजूला तर अक्षर इतकं दाटलं होतं की लिहिणारा जमिनीवर पालथा पडून लिहीत असावा.

टाचणी गुडघ्यांवर बसली. “मॅडम, माझी वही आहे?”

बाईंनी ती आणली होती. आठ वर्षांपूर्वीची, निळ्या पुठ्ठ्याची. टाचणीने तारखा लावल्या. “बाहेर तेवीस, आत अठरा. एक्केचाळीस. बाहेर एकवीस, आत वीस. एक्केचाळीस. चोवीस, सतरा.” तिचा आवाज बदलत गेला. “एक्केचाळीस. सगळीकडे एक्केचाळीस. एकाही आठवड्याला चुकत नाही.”

बाहेर जेवढं कमी व्हायचं, तेवढं आत वाढायचं. दीड फूट दगडाच्या आरपार. दुसऱ्या वर्तुळाची बेरीज चौतीस, तिसऱ्याची एकोणपन्नास, चौथ्याची सदतीस. प्रत्येकाची वेगळी, पण ठरलेली.

“मी घरी बसून नव्हते लिहिले,” टाचणी म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“आता माहीत झालं.”

बाईंनी वही मिटली. “नाही. तेव्हाच कळलं होतं. तू गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी स्वतः मोजलं. आणि ठिपके खरवडून टाकले.”

टाचणीने त्यांच्याकडे पाहिलं. उठून सरळ फाटकाकडे चालत गेली आणि कारकुनाशेजारी पाठ करून उभी राहिली.

बाई पडवीत एकट्या उरल्या. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी पहिल्या वर्तुळाखालचा रकाना बोटाने खालपर्यंत वाचत नेला. शेवटची तारीख आजची होती. पुढे एकोणीस. त्यांच्या बोटाला खडू लागला, ताजा, पिठासारखा. त्यांनी मागे वळून जमिनीकडे पाहिलं. धुळीत दोन जोड्या पावलं होती, त्यांची आणि टाचणीची. तिसरी नव्हती.

दहाएक मिनिटांनी टाचणी परत आली. डोळे लाल होते, आवाज मात्र कोरडा. बाईंनी तिला न बोलता ती तारीख दाखवली. टाचणीने बाईंच्या हातून व्हर्निअर घेतलं, वर्तुळावर लावलं.

“एकोणीस,” ती म्हणाली. दोघींनी आपोआप कान टवकारले. पलीकडून काहीच आलं नाही. नुसता लांबवर एका ट्रकचा आवाज.

“परत कधी यायचं?” टाचणीने विचारलं. “मला मंगळवारी सुट्टी असते.”

त्या दिवशी बाईंनी संपादकांना पुन्हा फोन केला. पाहिलेलं सगळं सांगितलं, ब्लेडसकट. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं.

“आता मीही तुम्हाला एक सांगतो,” ते शेवटी म्हणाले. “त्यांना निबंध पाठवला की बरोबर बाविसाव्या दिवशी अभिप्राय येतो. कधी एकविसाव्या नाही, कधी तेविसाव्या नाही. आजवर त्यांचा एकही मुद्दा खोटा निघालेला नाही. पण तुमचा निबंध मी त्यांना पाठवला नव्हता. ज्यांना पाठवला त्यांनी वेळ नाही म्हणून कळवलं. मी तिसरा माणूस शोधत होतो, तेवढ्यात हा अभिप्राय आला.”

“आणि तुम्ही तो जोडलात?”

“वाचल्यावर न जोडायची हिंमत होईना,” संपादक म्हणाले.

पाच महिने दोघी दर मंगळवारी जात राहिल्या. पाणीखात्याने नवं कुलूप घातलं होतं, त्याची किल्ली टाचणीच्या पर्समध्ये असायची. बाई बाहेरून मोजायच्या, मग दोघी मिळून आतून. दर खेपेला त्या दिवसाचे सहाही आकडे, आता शेजारी वरून सुरू झालेल्या नव्या रकान्यांत, खडूने आधीच लिहिलेले असत, आणि दर खेपेला ते बरोबर निघत. एका मंगळवारी त्या पहाटे साडेपाचलाच पोचल्या. आकडे होते. टाचणीने एकदा जमिनीवर पीठ चाळून ठेवलं. पुढच्या मंगळवारी पीठ जसंच्या तसं, आणि वर आकडे. त्यानंतर तिने असले प्रकार सोडून दिले. “तपासणी कुणाची करतोय आपण, मॅडम?” ती म्हणाली. दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं व्हायचं. पण थर्मासमधला चहा टाचणी दोन पेल्यांत ओतायची.

मग बाई उत्तरं लिहायला बसल्या. अशा पत्राची एक ठरलेली भाषा असते. समीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आभार, वगैरे. बाईंनी सवयीने ते वाक्य टाइप केलं, मग पुसलं. पहिल्या मुद्द्याखाली त्यांनी लिहिलं: ‘समीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. वर्तुळं बासष्ट आहेत. सहांचे आकडे पटण्यासारखे नव्हते म्हणून मी ती गाळली आणि खुणा खरवडून काढल्या. ज्या विद्यार्थिनीने ती मोजली होती तिला मी खोटं ठरवलं. ती खरी होती.’ लेखकांच्या यादीत त्यांनी टाचणीचं नाव आपल्या आधी घातलं.

पाठवायच्या आधी त्यांनी ते पत्र नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि चष्मा काढून हातात धरला.

“बढतीचं काय?”

“नाही होणार.”

“हं.” त्याने चष्मा मिटून खिशात ठेवला. “आठ वर्षं बोलली नाहीस.”

“नाही बोलले.”

“पाठव,” तो म्हणाला.

बाविसाव्या दिवशी दुसऱ्या रिव्ह्यूअरचं उत्तर आलं. ‘दुसरा, तिसरा आणि चौथा मुद्दा, समाधान झालं. पहिल्या मुद्द्याबाबत: विद्यार्थिनी खरी होती, असं लेखिकेने मला कळवलं आहे. ते मला माहीत होतं. ज्यांच्यासमोर तिला खोटं ठरवलं त्यांना कळवलं आहे का?’

बाईंनी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला.

विभागाची मासिक बैठक त्या आठवड्याअखेर होती. तेच लांब टेबल, त्याच खुर्च्या. आठ वर्षांपूर्वी होते त्यांतले पाच जण अजून होते. टाचणीला यायला सांगायला बाई स्वतः दुकानात गेल्या होत्या. ती आली, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसली. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण तयार केलं होतं, ते ऐन वेळी आठवेना.

“हिला मी याच खोलीत खोटारडी म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “खोटारडी मी होते. हिचे आकडे बरोबर होते, आणि ते मला पाच आठवड्यांत कळलं होतं. मी लपवलं. मी हिची माफी मागते.”

कुणी मोबाइलमध्ये बघू लागलं, कुणी पाण्याची बाटली उघडली. विभागप्रमुख खाकरले आणि म्हणाले, “बरं, पुढचा विषय घेऊ या का?” एका जुन्या सहकाऱ्याने तेवढं उठून टाचणीजवळ जाऊन काहीतरी हळू आवाजात म्हटलं. टाचणी मान खाली घालून ऐकत होती. बाई अजून उभ्याच होत्या. त्या बसल्या तेव्हा खुर्ची मोठ्याने करकरली.

पुढच्या मंगळवारी दोघी पडवीत गेल्या तर सहाही रकान्यांत त्या दिवसाची तारीख होती, पण पुढचा आकडा नव्हता. जागा मोकळी सोडलेली. खाली धुळीत, दोघींच्या जुन्या पावलांशिवाय एकही ठसा नसलेल्या धुळीत, खडूचा अर्धा तुकडा पडला होता.

“मॅडम,” टाचणी कुजबुजली.

“मोज,” बाई म्हणाल्या.

टाचणीने मोजलं. वाकून खडू उचलला, तो हातात जरा वेळ तसाच धरला, आणि मग आपल्या बारीक टोकदार अक्षरात लिहिलं. अठरा. त्यानंतर भिंतीवर दुसरं अक्षर कधीच उमटलं नाही. तारीखही तीच घालू लागली.

पेपर छापून यायला आणखी अकरा महिने लागले. पहिल्या रिव्ह्यूअरने ही सगळी भाकडकथा आहे असं कळवलं आणि आपल्या आणखी दोन निबंधांचा उल्लेख करायला सांगितलं. संपादकांनी स्वतःच्या जबाबदारीवर छापला. कुणी फारशी दखल घेतली नाही. दोघा-तिघांनी चेष्टेच्या मेल पाठवल्या. बाईंची बढती झाली नाही, आणि निवृत्तीपर्यंत व्हायची चिन्हं नव्हती. टाचणीने चष्म्याचं दुकान सोडलं नाही. छापील अंक तिने काउंटरखाली ठेवला होता. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की काढून दाखवायची. संपादकांचा एकदा फोन आला. त्या समीक्षकांकडून इतक्यात काहीच आलेलं नाही, तुम्हाला काही कल्पना? बाईंनी नाही म्हणून सांगितलं.

मंगळवार मात्र चालू राहिले. आता नवराही कधीकधी यायचा. घडीच्या खुर्चीवर बसून बेरजा करणं त्याच्याकडे होतं.

त्या हिवाळ्यातल्या एका सकाळी त्याची पेन्सिल थांबली.

“चौथ्याचं परत मोजा गं. छत्तीस येतंय.”

“सदतीस असतात,” टाचणी आतून म्हणाली.

“ते मलाही माहीत आहे. बाहेर वीस, आत सोळा. छत्तीस.”

बाईंनी बाहेरून पुन्हा मोजलं. वीस. टाचणीने आतून मोजलं, मग जागा बदलून बाई आत गेल्या आणि टाचणी बाहेर आली. वीस आणि सोळा. वर्तुळाच्या कडा दोन्हीकडे अखंड होत्या, कुठे खपली निघालेली नव्हती. शंभर वर्षांच्या रकान्यांत असं एकदाही झालेलं नव्हतं.

“एक मिलिमीटर गेला कुठे?” नवरा म्हणाला. “भिंतीला बाजू तर दोनच.”

टाचणी चौदा फूट भिंतीच्या वरच्या कडेकडे बघत होती, मग पायाकडे, जिथे दगड जमिनीत शिरत होता. तिने कोट गळ्याशी आवळून घेतला.

“मॅडम, वहीत बेरीज काय लिहू? परत एकदा मोजायचं का? सदतीस भरेल कदाचित.”

बाईंनी थंडीने बधिर झालेली बोटं एकमेकांवर घासली.

“छत्तीस आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग छत्तीस लिही.”